खांब चौदा ते सतरा येथील पंचनाम्याची हकिकत

॥ श्रीग्रामदेवता साक्ष ॥

शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघ वद्य पंचमी, सोमवार, ते दिवशी उड्डाणपुलाचे छायेत जो संग्राम जाहला त्याचे वर्तमान, जैसे घडले तैसे, कोणाची भीड न धरिता लिहिले असे. राज्य कोणते ते पुसो नये. रस्ते खणलेले आणि वाढदिवसाचे फलक लागलेले पाहून ज्याने त्याने ओळखावे.

त्या राज्यात पुलाचे उत्तरेस वैभवलक्ष्मी नामे गृहसंस्था, किल्ला सात मजली, लिफ्टा दोन, पैकी एक चालती. तेथे तिसरे मजल्यावर राजश्री त्र्यंबकपंत उपासनी राहात असत. तीस वर्षे मोजणीखात्यात चाकरी करून निवृत्त जाहले, परंतु मोजणीची फीत काही हातातून सुटली नाही, आणि वस्तू मोजल्यावाचून तिजविषयी अक्षर लिहिणे हे त्यांस पाप वाटे. गटाराचे झाकण गेले, पंतांनी अर्ज केला. दिवा विझला, अर्ज केला. पदपथाची फरशी उखडली, उखडलेल्या भागाचे क्षेत्रफळ काढून अर्ज केला. अर्ज गेला की पोच येई आणि पोच आली की पंत पुढील अर्जास बसत, आणि झाकण मात्र येईना.

त्या पुलाखाली खांब चौदा ते सतरा या प्रांती अकरा कुटुंबे राहात. दगड फोडणारे, पाटे-वरवंटे घडविणारे लोक. ज्यांनी तो पूल बांधिला त्यांतलीच ही माणसे. पूल वर गेला आणि ती खाली राहिली. त्यांत गजराबाई धोत्रे म्हणून वडील बाई, तिचा शब्द अकराही चुलींवर चाले. त्या बायकांस शौचास जाणे तर नाल्यापलीकडे अर्धा कोस, हे पंतांनी गच्चीवरून पाहिले, आणि चित्त अस्वस्थ होऊन मग ठराव केला की या लोकांस निवारा आणि शौचालय मिळावे ऐसा अर्ज करावा, आणि तो ऐसा करावा की कचेरीस नाही म्हणणे कठीण पडावे. मग खासा पंतांची स्वारी फीत घेऊन पुलाखाली उतरली. प्रत्येक खोपटाची लांबी-रुंदी घेतली, माणसे नावनिशीवार लिहिली, प्रमाणबद्ध नकाशा काढिला, उत्तर दिशेचा बाण दाखविला. फितीचे दुसरे टोक गजराबाईने स्वहस्ते धरिले आणि पुसिले, "पंत, यानं खरंच घर हुईल?" पंत म्हणाले, "नकाशा असल्यावर कसं नाही होणार?" ऐसे बोलून गेले.

आता कचेरीचे वर्तमान ऐसे, की निवाऱ्याचे मेज चार वर्षे रिकामे, आणि त्याचा अतिरिक्त कार्यभार शेजारील मेजाकडे, आणि शेजारील मेज अतिक्रमणाचे. तेथे हरणे साहेब म्हणून सरदार. निवाऱ्याचे कामी त्यांजपाशी ना घर ना माणूस; अतिक्रमणाचे कामी मात्र एक निळी गाडी आणि बारा असामी. पंतांचा अर्ज हाती आला, नकाशा उलगडला, आणि साहेब बहुत संतोष पावले. म्हणाले, "एवढा चांगला नकाशा आपल्या सर्वेयरनंसुद्धा कधी दिला नाही." आणि जे वाहन होते तेच पाठविते जाहले.

सोमवारी सकाळी दहाचे सुमारास निळी गाडी पुलाखाली येऊन थडकली. बारा असामी उतरले, एक हवालदार आणि एक कारकून उतरले, मग खासे हरणे साहेब उतरले, आणि त्यांचे हाती पंतांचा नकाशा. पंत भाजी आणावयास निघाले होते, ते पिशवीसह जागीच थिजले. गजराबाईने नकाशा ओळखिला. ती पंतांकडे पाहून म्हणाली, "आमास्नी उठवायला मोजलं व्हय, पंत? मी बी येडी, टोक धरून बसले." पंतांस, तीस वर्षांत कधी चुकले नाही ते माप आज आपलेच गळ्याशी आले ऐसे कळो आले. ते साहेबांकडे धावले आणि म्हणाले, "अहो, मी निवारा मागितला होता!" साहेब म्हणाले, "काका, तो विषय पण माझ्याकडेच आहे. आधी जागा मोकळी होऊ द्या, मग बघू."

इतक्यात संस्थेचे चेअरमन अण्णासाहेब गुळवे पांढरे बूट घालून उतरले, आणि पंतांची पाठ थोपटून म्हणाले, "वा पंत! आम्ही चार वर्षं फोन करत होतो, तुम्ही एका अर्जात काम केलंत!" ही शाबासकी पंतांस थपडेहून जड गेली.

या राज्याचा रिवाज ऐसा की पंचनामा केल्याविना कोणाचे सामान उचलू नये, आणि पंचनाम्यास स्थानिक प्रतिष्ठित पंच दोन पाहिजेत. आणि रिवाजावरचा रिवाज ऐसा की पंचांनी कोऱ्या कागदावर सही करावी, सामान गाडीत जावे, आणि मजकूर कारकुनाने दुपारी चहापश्चात सवडीने भरावा. तक्रारदार तोच पहिला पंच, हेही चालत आलेले. साहेबांनी कोरा कागद आणि पेन पंतांपुढे केले. म्हणाले, "इथं काका, आणि इथं चेअरमन साहेब." गुळव्यांनी सही केलीच. पंतांचा हात उठेना. तो बारा असामी गजराबाईचे खोपटाशी जाऊन उभे राहिले, आणि एकाने ताडपत्रीस हात घातला. गुळवे म्हणाले, "पंत, सही करा नि मोकळे व्हा. तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या मजल्यावरचे देसले येतील, आत्ता फोन लावतो." पंतांनी जाणिले की नाही म्हटल्याने काही वाचत नाही, देसले पाच मिनिटांत उतरतील आणि डोळे मिटून सही करतील. मग पेन घेतले. गजराबाईने ते पाहिले आणि तोंड फिरविले.

पंत म्हणाले, "मी पंच. पण आधी मजकूर, मग सही." साहेब हसून म्हणाले, "मजकूर काय, संसारोपयोगी किरकोळ सामान." पंत म्हणाले, "किरकोळ हा शब्द मोजणीखात्यात नाही. मी डोळ्यांनी बघणार, मोजणार, आणि तुमचा कारकून लिहिणार. पंच म्हणजे तेच ना हो, हवालदार?" हवालदार चाकरीत केस पिकलेला मनुष्य, तो आकाशाकडे पाहून म्हणाला, "साहेब, नियम तर तसाच आहे." मग पंतांनी खिशातून फीत काढिली आणि पहिले खोपटात शिरले.

पातेली जर्मनची तीन, पैकी एक चेपलेले, व्यास अमुक. छिन्न्या सात, हातोडे दोन, घण एक. पाटा अर्धा घडविलेला, लांबी अमुक. गजराबाई दाराशी उभी राहून म्हणाली, "मोजा, मोजा. मातीत घातलंच हाय, आता चमचंबी मोजा." पंत खाली मानेने लिहविते जाहले. मग गोधडी निघाली, आणि पंतांनी पुसिले, "ठिगळं किती?" बाईने चमकून पाहिले. पंतांनी पुन्हा हळू पुसिले, "घाई नाही, आजी. ठिगळं किती?" बाईने गोधडी सर्व उलगडून भुईवर पसरिली आणि म्हणाली, "मलाबी ठावं न्हाई. मोजू या की." ठिगळे एकोणसाठ भरली. एक शिवणीखाली दडलेले होते, त्यावर दोघांचा वाद जाहला, आणि फेरमोजणी करावी लागली.

दुपारी दोन वाजता पहिले खोपटे पुरे जाहले. दुसरा पंच म्हणून गुळव्यांस जागचे हलता येईना. पांढरे बूट मातकट जाहले, आणि ऊन तिरपे पुलाखाली शिरले तो टक्कल तापले. चार वाजता साहेबांचा धीर सुटला. त्यांनी हुकूम केला, "लिहिणं चालू द्या, तुम्ही उचला!" चौघे धावले आणि गजराबाईची लोखंडी पेटी उचलू लागले. त्या पेटीत रेशनकार्ड, मेलेल्या दादल्याचा फोटो, सगळे जन्माचे कागद. बाई पेटीवर बसली. चौघांनी बाईसह पेटी उचलिली. अकराही चुलींवरील बायका उठल्या, हवालदाराचा हात काठीकडे गेला, आणि आता रक्त सांडते की काय ऐसा समय आला. तेव्हा पंत, ज्यांनी जन्मात आवाज चढविला नाही, ते कारकुनास ओरडून म्हणाले, "लिही! चार वाजून सात मिनिटं, पंचनामा अपुरा असताना पेटी एक, वर बाई एक, साहेबांच्या तोंडी हुकुमावरून उचलली. आण, याच्याखाली सही करतो!" कारकुनाने साहेबांकडे पाहिले, साहेबांनी पेनाकडे पाहिले. पेटी खाली आली. बाई वरून उतरली नाही.

सूर्य मावळला तो तिसरे खोपट्यात चिमट्यांची मोजणी चालली होती. मावळतीनंतर कारवाई नाही हाही नियम, तोही हवालदारानेच सांगितला. साहेब म्हणाले, "काका, उद्या परत येतो. किती दिवस मोजाल?" आणि गाडी रिकामी गेली.

गाडी गेली आणि गुळव्यांच्या पत्नी प्रमिळाबाई एक खोके घेऊन फाटकाबाहेर आल्या. पंतांस म्हणाल्या, "भावजी, हे चौथ्या घरात ठेवा. प्लॅस्टिकचे डबे सव्वीस, झाकणं एकतीस, एकाचं एकाला बसत नाही. मोजायला बरे." गुळवे म्हणाले, "अगं, तू कुणाकडची?" त्या म्हणाल्या, "तुम्ही वर चला आधी, ऊन लागलंय. उद्या परत पंच म्हणून उभं राहायचंय." मंगळवारी सकाळी साहेब येऊन पाहातात तो चौथे खोपटे फुगलेले. कोणी फुटक्या बरण्या दिल्या, कोणी गुंता जाहलेली लोकर, आणि देसल्यांनी सुटे स्क्रू पाच डबे. सातही मजल्यांनी दिले ऐसे नाही. काहींनी पंतांशी बोलणे टाकिले, ते टाकिलेच आहे.

हे लिहितेसमयी पंचनामा चौऱ्याण्णव पानांवर, सहावे खोपट्यात आहे. साहेबांनी आपणांकडून अतिक्रमणाचा कार्यभार काढून घ्यावा ऐसा अर्ज वरिष्ठांस केला, पोच आली. निवाऱ्याचे मेज रिकामे ते रिकामेच, आणि बायका अद्याप अर्धा कोस चालतात. पंतांनी त्याविषयी नवा अर्ज केला आहे, नकाशाविना. काल गजराबाईने पंतांस पुसिले, "ह्ये समदं लिवून संपलं, की काय हुईल?" पंत खोटे बोलिले नाहीत. म्हणाले, "संपलं, की उचलतील." बाईने पुढील चुलीवरची चाळणी आणून त्यांचे पुढ्यात ठेविली आणि म्हणाली, "मग हिची भोकं मोजा."

एणेप्रमाणे वर्तमान. संग्राम चालू असे, निवारा जाहला नसे.