ओटोपंतांची शिकवणी

सुनंदाकाकूंनी "अहो, जरा इकडे या" अशी हाक मारली की दोघं येतात. एक सबनीसकाका, आणि दुसरा तळमजल्यावरचा लॅब्राडोर. बहुतेक वेळा लॅब्राडोर आधी पोचतो.

याला कारण काकाच. ते कुत्र्याला अहोजाहो करतात. बसा, थांबा, आणा, द्या. कुत्र्याचं नाव ओटो, पण काका त्याला ओटोपंत म्हणतात. मी या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आले तेव्हा एकदा जिन्यातून आवाज आला, "पंत, बसा ना. घाई काय आहे?" मला वाटलं, कुणी पाहुणे आलेत. डोकावून बघितलं तर पंत माझं पायपुसणं चावत होते. "ते आपलं नाही हं," काका समजावत होते.

"ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला अरेतुरे करायचं नाही," हे काकांचं एक तत्त्व. दुसरं त्याहून प्रसिद्ध: "रागावून गिअर पडत नाही." काकांची सगळी नोकरी स्टुटगार्टमध्ये गिअरबॉक्सच्या डिझाइनमध्ये गेली. निवृत्तीनंतर गिअरबॉक्स सुटले, वाक्य सुटलं नाही. माझं वायफाय बंद पडलं की ते हेच सांगतात. काकूंची भाकरी तव्यावर टाकताना मोडली तेव्हाही सांगितलं होतं. काकूंना मात्र एकदाच.

पंत खरे तळमजल्यावरच्या फ्राउ ब्रांट, म्हणजे ब्रांटबाई, यांचे. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि शिकारीचा परवाना असलेल्या बाई. शरद ऋतूत त्या मित्रमंडळींबरोबर बदकांच्या शिकारीला जातात. पडलेलं बदक पाण्यातून शोधून, दात न लावता, मालकिणीच्या हातात आणून देणं हा पंतांच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय. पण पंत लहान असतानाच बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि शेतातून धावणं संपलं. कोलोनहून मुलगा आला आणि म्हणाला, "शरदातली शिकारी कुत्र्यांची परीक्षा तो पास झाला तर ठेव. नाहीतर एवढा दांडगा कुत्रा तुला झेपणार नाही, कुणाला तरी देऊन टाकू."

बाईंनी एक ट्रेनर बोलावला. तो अंगणात पंतांवर ओरडला आणि त्यानं पट्ट्याला असा हिसका दिला की पंत सरपटत झुडपात शिरले. वर बाल्कनीत काका कढीपत्त्याला पाणी घालत होते. ते झारीसकट खाली उतरले. "आल्झो," म्हणजे 'तर मग', अशी सुरुवात करून त्यांनी त्या धिप्पाड माणसाला गिअरचं वाक्य जर्मनमध्ये ऐकवलं. ट्रेनर चिडून म्हणाला, "मग तुम्हीच शिकवा की!" काका म्हणाले, "जा." जर्मनमध्ये जा म्हणजे हो. त्याला ते मराठीतही कळलं असावं, कारण तो गेला.

आता गंमत अशी की काका जन्माचे शाकाहारी. शिकारीच्या कुत्र्याला शिकवायला सुरुवातीला कापडी पुडकं चालतं, पण शेवटी खरं बदक लागतं. बाईंनी फ्रीझरमधलं एक दिलं. ते काकांनी आपल्या फ्रीझरमध्ये, खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी ठेवलं.

"अहो, हे काय आहे?" काकूंचा आवाज माझ्या घरापर्यंत आला.

"अभ्यासाचं साहित्य."

"दुसरा फ्रीझर आणा, नाहीतर दुसरी बायको आणा."

संध्याकाळी केलरमध्ये, म्हणजे आमच्या तळघरात, एक छोटा फ्रीझर आला. काका रोज रबरी हातमोजे घालून, मान वळवून ते बदक बाहेर काढायचे आणि त्यालाही "माफ करा हं" म्हणायचे.

बदक फेकायची जबाबदारी माझ्याकडे आली. माझ्या हातात जोर आहे म्हणून नव्हे, तर सगळ्यांना मैदानावर न्यायला माझ्याकडे गाडी आहे आणि मी चिकन खाते म्हणून. "तुला काय, सवय आहे," काका म्हणाले. जणू मी चिकन गवतात फेकून खाते.

पंतांना आणायला मनापासून आवडायचं. द्यायला नाही. पुडकं तोंडात धरून ते काकांच्या थोडं अलीकडे थांबायचे आणि शेपूट हलवत राहायचे. काका घडीच्या स्टुलावर बसायचे, खिशात चीजचे तुकडे. हाक नाही, पट्टा नाही, हिसकावून घेणं नाही.

"बोलवा ना त्याला!" बाकावरून फ्राउ ब्रांट ओरडायच्या.

"नाइन, नाही. त्यांचा विचार चालू आहे."

एकदा मी कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन, कॉफी पिऊन परत आले तरी पंतांचा विचार चालूच होता. मग मात्र ते स्वतःहून उठले, आले आणि पुडकं काकांच्या तळहातावर ठेवलं. इतक्या हलकेच, की जणू झोपलेलं बाळ ठेवतायत. काकांनी चीज दिलं, चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "चूक झाली तर आपली. जमलं तर त्यांचं."

सगळं जमलं आणि मग लक्षात आलं की परीक्षेत कुत्र्याला परवानाधारकानंच न्यायचं असतं. म्हणजे फ्राउ ब्रांटनी. आणि पंतांना तर फक्त मराठी कळत होतं.

तेव्हा काकांची दुसरी शिकवणी सुरू झाली. पंतांच्या बाबतीतला संयम बाईंच्या वाट्याला आला नाही. "आन्ना नाही, आणा! ण! जीभ वर वळवा!" बाई जीभ वळवायच्या आणि पुन्हा "आन्ना" म्हणायच्या. "मला चीज मिळालं तर कदाचित जमेल," त्या एकदा म्हणाल्या. काकांनी गंभीरपणे दिलं.

परीक्षेच्या सकाळी तळ्यावर धुकं होतं. काकू आल्या नाहीत. "बदकाच्या परीक्षेला मी येणार नाही," म्हणाल्या, पण पंतांना दहीसाखर त्यांनीच भरवली. काकांना पंचांनी बजावलं, "तुम्ही कुत्र्याला दिसायचं नाही." मग आम्ही दोघं एका मोठ्या गाडीच्या मागे उभे राहिलो.

बदक पलीकडच्या बोरूच्या बेटात फेकलेलं होतं. "आन्ना!" फ्राउ ब्रांट ओरडल्या. पंचांमधल्या एका बाईंनी दचकून वळून बघितलं. त्यांचं नाव आना होतं. पंतांनी मात्र उदार मनानं अर्थ समजून घेतला आणि पाण्यात उडी मारली. ते बराच वेळ दिसेनात. मग बोरू हलले, काळं डोकं दिसलं, तोंडात बदक.

पंत काठावर आले, अंग झाडलं आणि थबकले. वारा आमच्याकडून वाहत होता. त्यांनी नाक वर केलं आणि सरळ आमच्या गाडीकडे तोंड केलं. समोर बाई काठी टेकून उभ्या. पंतांनी एक पाऊल आमच्या दिशेनं टाकलं.

मी काकांकडे बघितलं. ते चाकाशेजारी ओल्या गवतात खाली बसले होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात तोंडावर घट्ट. जणू हाक आतून आपोआप निसटेल.

"पंत," बाईंचा आवाज आला. ओरडून नाही, अगदी हळू. "आणा." ण स्वच्छ होता.

पंत वळले. चालत बाईंपर्यंत गेले, बसले. "द्या," बाई म्हणाल्या. पंतांनी दिलं. टाळ्या वाजल्या.

"दिलं?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"दिलं."

"त्यांच्याच हातात?"

"त्यांच्याच."

"गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले, आणि बराच वेळ गवतातून उठले नाहीत.

पंत बाईंच्या गाडीतून गेले. येताना काका माझ्या गाडीत होते. हायवेला लागल्यावर म्हणाले, "आमची ईरा हॅम्बर्गला शिकायला निघाली ना, तेव्हा मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. ती डब्यात चढली की मी हाक मारायचो. किल्ली घेतलीस का? स्वेटर वर ठेवलायस का? ती परत दारात यायची. शेवटी खाली उतरली सांगायला, आणि गाडी सुटली." ते खिडकीबाहेर बघत होते. "रडली. मला जर्मनमध्ये म्हणाली, पापा, जाऊ दे ना मला. तेव्हापासून माझ्याशी जर्मनच बोलते."

थोड्या वेळानं त्यांनी फोन काढला.

"ईरा? नाही गं, काम काही नाही. पंत पास झाले." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "नाही, मला काही सांगायचं नाहीये. तूच बोल. तुला हव्या त्या भाषेत बोल. मी ऐकतो."

ती बोलायला लागली, भराभर, जर्मनमध्ये. काकांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. बिल्डिंग आली तरी बोलणं संपलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि आवाज न करता दार उघडून खाली उतरले.