बोडक्या धारेवरचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी पोटभर खाऊन सुखात राहत होते. त्यामुळे ते फार कंटाळले होते. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की मागच्या उंच डोंगरावर एक दिवसाची सहल काढावी.

त्या डोंगराच्या माथ्यावर बोडकी धार होती. धारेवर झाड नाही, झुडूप नाही, कसलाच आडोसा नाही. वाटेत अस्वलांची वस्ती. दुपार झाली की वर ढग जमायचे आणि विजा पडायच्या. मग तिथे जायचंच कशाला, असं विचारू नका. गेल्याशिवाय 'आम्ही जाऊन आलो' असं सांगता येत नाही.

नियोजनासाठी अकरा बैठका झाल्या. चार बैठकांत टोप्यांचा रंग ठरला. पाच बैठका लाडवांवर गेल्या, आणि शेवटी मोहाचे लाडू मंजूर झाले. मोहाचा वास अस्वलाला दोन डोंगरांवरून येतो, पण तो विषय स्वयंपाक समितीच्या कक्षेत नव्हता.

दहाव्या बैठकीत धारेवर सत्कार समारंभ ठरला. शाल, श्रीफळ, अध्यक्षीय भाषण, आभार. सत्कार कोणाचा? वर पोचणाऱ्या प्रत्येकाचा. मग टाळ्या कोण वाजवणार, म्हणून आणखी वीस जणांची नावं यादीत घातली. अध्यक्षपद दादासाहेब सांबरांकडे गेलं. त्यांची शिंगं जंगलात सर्वांत उंच होती, आणि दुसरी कुठली पात्रता कोणाला आठवली नाही.

अकराव्या बैठकीची पाच मिनिटं उरली, तेव्हा वाटाड्या सदोबाला बोलू दिलं. सदोबा भेकर होता. भेकर दिसतं हरणासारखं आणि भुंकतं कुत्र्यासारखं. बावीस वर्षं तो धारेवर माणसं, म्हणजे प्राणी, नेत होता आणि सगळ्यांना परत आणत होता. त्यामुळे धारेवर धोका असतो यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता.

सदोबाने सांगितलं की पहाटे निघू आणि बाराच्या आत धार सोडू. अंगावरचे केस उभे राहिले, तर वीज पडणार समजून लगेच खाली पळू. खाणं घट्ट बांधून घेऊ. मी पुढे भुंकत चालेन, म्हणजे अस्वल आपणहून बाजूला होईल. अचानक समोर आलेलं कोणी त्याला खपत नाही.

सरचिटणीस यमुताई कोल्हे यांनी सूचनांची नोंद घेतली. नोंद घेणं म्हणजे काय, ते तुम्ही मोठे झालात की कळेल. मग त्यांनी ठराव मांडला की भुंकण्याने निसर्गाची शांतता भंगते, तेव्हा सदोबाने मुकाट चालावं, नाहीतर घरी राहावं.

सदोबा घरीच राहिला असता. पण यादीत त्याच्या जाईचं नाव होतं. पोरीची पहिलीच सहल. आईवेगळं लेकरू, सदोबाचा सगळा जीव तिच्यात.

"बाबा, तुम्ही भुंकलात की सगळे हसतात," जाई म्हणाली. "मला लाज वाटते. एक दिवस गप्प राहाल ना?"

सदोबाला वाईट वाटलं. पण तो राहतो म्हणाला.

पहाटे निघायचं होतं. अध्यक्ष साडेनऊला आले. मग सामूहिक फोटो झाला, आणि टोप्या तिरक्या आल्या म्हणून पुन्हा झाला. मंडळी अगदी शांततेत डोंगर चढली. लाडवांचे डबे सारखे उघडत होते. धारेवर पोचायला एक वाजला. मागे काळा ढग उभा होता, सत्काराच्या फलकाला छान पार्श्वभूमी मिळाली म्हणून सगळे खूश झाले.

दादासाहेब बोलायला उभे राहिले. तिसऱ्या वाक्याला सगळ्यांच्या अंगावरचे केस ताठ झाले. अध्यक्षांच्या शिंगांतून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. काय प्रभावी भाषण, असं मंडळी कुजबुजली. तेवढ्यात फलकाच्या मागून पिल्लासकट एक अस्वलीण वर आली. जाई तिच्यापासून चार पावलांवर पाठमोरी उभी होती.

सदोबा भुंकला. बावीस वर्षांत भुंकला नव्हता इतक्या जोरात भुंकला.

अस्वलीण दचकली आणि पिल्लाला घेऊन पलीकडे उतरली. मंडळी दचकली आणि अलीकडे पळाली. मागे वीज पडली आणि फलकाचा कोळसा झाला. खाली झाडीत आल्यावर सदोबाने डोकी मोजली. सगळी होती. जाईला जवळ घेऊन तो रडला.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. कोणाला वीज लागली का? नाही. अस्वल कोणाला चावलं का? नाही. म्हणजे काहीच झालं नव्हतं, आणि सदोबाने विनाकारण कार्यक्रम उधळला होता. आभार राहिले, शाली जळाल्या. सदोबाला काढलं आणि वाटाड्या म्हणून मोराला नेमलं. मोर धारेवर कधी गेला नव्हता, पण फोटोत शोभत होता.

पुढच्या वर्षी मोरासोबत सगळे निघाले, जाईसुद्धा. वाटेत पुढे कुठेतरी झाडीत कोणी भुंकत होतं. अस्वल कुठे दिसलं नाही. यमुताई म्हणाल्या की कोणी अडाण्याने शांतता घालवली. जाईने आवाज ओळखला.

धारेवर सत्कार रंगला. एकेकाच्या खांद्यावर शाल पडत होती आणि ढग जवळ येत होता. जाईच्या अंगावरचे केस उभे राहू लागले. आता ओरडलं तर काय होतं, ते तिने बाबांच्या बाबतीत पाहिलं होतं. ती यमुताईंच्या कानाशी गेली.

"ताई, लाडू आंबलेत वाटतं. माझ्या पोटात कळ येतेय. आणि इथे एकसुद्धा झुडूप नाही हो."

यमुताईंनी चारी बाजूंना पाहिलं. खरंच नव्हतं. त्यांनी चार लाडू खाल्ले होते. बातमी रांगेत फिरली तशी प्रत्येकाच्या पोटात गुडगुडू लागलं. दादासाहेब भाषण अर्धवट टाकून सर्वांच्या पुढे धावले. पाच मिनिटांत धार रिकामी झाली. तिच्यावर वीज पडली तेव्हा मंडळी खाली आपापल्या झुडपामागे होती, त्यामुळे कोणी पाहिली नाही.

उत्कृष्ट नियोजनाबद्दल त्या वर्षी मोराचा सत्कार झाला. सर्वांत मागे उभं राहून सदोबाने टाळ्या वाजवल्या. शेजारी त्याची जाई होती.

तात्पर्य : कोणाचा जीव वाचवायचा असेल, तर त्याला खरं कारण कधीही सांगू नये.