मध्यम पसारा

घरी बसून काम करणाऱ्या माणसाला काही काम नसते, हे सर्व सरकारांना, सर्व पाहुण्यांना आणि बहुतेक नवऱ्यांना मान्य असलेले सत्य आहे. तरीही अशा रिकाम्या माणसांच्या तुटपुंज्या मिळकतीला हातभार लागावा म्हणून खात्याने ‘गृहोद्योग पूरक भत्ता’ सुरू केला. खात्याचे मन मोठेच आहे. (मोठे असल्यामुळे त्यात अर्ज हरवतात.)

दिवसभर लोकांना वर नेणारा एक लिफ्टमन स्वतः मात्र तळमजल्यावर एका खोलीत राहत असे. त्याचा पगार वीस तारखेला संपे. महिन्याचे उरलेले दिवस त्याची बायको चालवी, जिला शेजारीपाजारी वहिनी म्हणत. खेळण्यांच्या कारखान्यातून एका पोत्यात बिनकानाचे कापडी ससे येत आणि दुसऱ्या पोत्यात नुसते कान. वहिनी त्यांची गाठ घालून देई. पण सशांचे कान कितीही ओढले तरी महिनाअखेरीपर्यंत पोचेनात, तेव्हा तिने भत्त्यासाठी अर्ज केला. तो मिळाला नाही तर पुढच्या महिन्यापासून खोलीचे भाडे भरणे अशक्य होते.

पडताळणीसाठी साहेब येणार असे कळले आणि वहिनीने शहाण्या बाईने करावे तेच केले. घरी कोणी येणार म्हटल्यावर जे हात आपोआप चालू लागतात, ते चालू लागले. ससे खाटेखाली गेले, कान उशीच्या अभ्र्यात गेले, सुया-दोरे डब्यात गेले, खाटेवर धुतलेली चादर पडली आणि चादरीवर सासूबाई बसल्या. साहेब आले, चहा प्याले, चहूकडे पाहून प्रसन्न झाले.

“घर फार छान ठेवलंयत,” ते म्हणाले. “उद्योग कुठाय?”

लग्नानंतर घराचे कौतुक पहिल्यांदाच झाल्यामुळे वहिनी क्षणभर हवेत होती. खाली उतरून तिने खाटेखाली बोट दाखवले. परंतु नियमानुसार उद्योग उभ्याने पाहायचा असतो. (पूर्वी एक अधिकारी वाकून पाहायला गेले आणि तसेच राहिले. तेव्हापासून वाकणे बंद आहे.) साहेबांनी शेरा मारला: ‘घर नीटनेटके. उद्योग आढळला नाही.’

सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि तोच हात लगेच कमरेला लावून सूत्रे ताब्यात घेतली. दुसऱ्या पडताळणीला अख्खा मजला मदतीला धावला. पंख्यावर ससे, बादलीत ससे, देवाच्या फळीवर देवाला जरा सरकवून ससे. शेजारणींनी आपापल्या घरच्या चिंध्या उदार मनाने आणून ओतल्या. सासूबाई स्वतः कानांच्या ढिगात बसल्या होत्या. साहेबांना त्या सापडायला थोडा वेळ लागला. शेरा: ‘हा तर कारखाना. मदतीची गरज दिसत नाही.’

यावरून विचारी माणसाच्या लक्षात येईल की खात्याला गरिबी हवी असते, पण बेताची. कष्ट हवे असतात, पण डोळ्यांत न खुपणारे. सासूबाई विचारी होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी मापच ठरवले: आलेल्या माणसाला टेकता यावे, पण पाय पसरता येऊ नयेत. एक ससा बिनकानाचा, एक एका कानाचा, एक पुरता. एक सुई साहेबांच्या खुर्चीजवळ, बोचेल न बोचेल अशी. भत्ता मंजूर झाला. त्या महिन्यात वीस तारीख आली कधी नि गेली कधी, वहिनीला कळलेसुद्धा नाही. एकवीस तारखेला ती उगीचच हसत होती.

मग काय विचारता! वहिनीकडे पाकिटे चिकटवणारी आली, बटणे लावणारी आली, शिकवणीवाले मास्तर आले. मास्तरांची पंचाईत मोठी होती, कारण ज्ञानाचा पसारा होत नाही. त्यांच्या दाराबाहेर वहिनीने लहान मापाच्या चपला विखरून ठेवल्या आणि आत एक दप्तर उपडे केले. (मास्तर गहिवरले. इतके विद्यार्थी त्यांना कधीच नव्हते.) योग्य मापाचा पसारा मांडून देण्याचे वहिनीला कानांपेक्षा जास्त मिळू लागले, आणि ती सरळ बाई असल्यामुळे तिने हा नवा उद्योगही प्रामाणिकपणे खात्याला कळवला.

साहेब पडताळणीला आले. त्या दिवशी सगळा पसारा कामावर, म्हणजे लोकांच्या घरी गेला होता. वहिनीच्या खोलीत लख्ख फरशी, चादर आणि सासूबाई.

साहेबांनी भत्ता बंद केल्याचा शेरा लिहिला आणि चहा घेता घेता मन मोकळे केले. “आमच्याकडेही अगदी असंच असतं, वहिनी. सगळं जागच्या जागी. बायको दिवसभर घरीच असते, काही करत नाही.”

वहिनीच्या डोळ्यांसमोरून पुढच्या महिन्याचे भाडे गेले. मग तिला साहेबांचीच कीव आली.

“साहेब,” ती म्हणाली, “आज घरी गेलात की खाटेखाली एकदा वाकून बघा.”

नियमात बसत नसल्यामुळे साहेबांनी ते मनावर घेतले नाही.

वाचकहो, आपण जिथे आरामात बसून हे वाचत आहात, तिथे फारसा पसारा नसेल, तर नियमानुसार आपल्याही घरी कोणी काही काम करत नाही. तसा शेरा लिहून पाठवायचा आहे. त्यासाठी पेन लागेल. ते कुठे ठेवलेले असते, हे आपल्याला माहीत नसणार. आत हाक मारून विचारा.