दुसऱ्यांदा विचारणारे दत्तूमामा

शेजारच्या पाटलांनी बावड्यात नवीन घर बांधलं आणि वास्तुशांतीला दत्तूमामांना बोलावलं, ही त्यांची चूक. मामा देवापुढं वाकले ते उठलेच नाहीत. खिशातली छोटी हातोडी काढून रांगत रांगत हॉलची फरशी ठोकत सुटले. भटजींचे मंत्र एकीकडे, मामांची टकटक दुसरीकडे. "ही पोकळ. ही बी पोकळ. पाटील, सोफा हितं ठेवू नगासा!" गवंडी भरलं ताट सोडून कधी पसार झाला, कुणालाच कळलं नाही.

मामा रेल्वेत कीमन होते. रोज रुळावरून मैलोन्‌मैल चालायचं, रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, तडा दिसतो का बघायचं. नोकरी सुटली तरी ठोकणं सुटलं नाही. कुंभारगल्लीत ते दिसले की मडकी झाकली जातात. माझ्या टकलावरही एकदा दोन टिचक्या मारून त्यांनी "मजबूत हाय" असा शेरा दिलाय.

बसथांब्यावरच्या अनोळखी माणसालाही ते सोडत नाहीत. "पावणं, तडा वरनं दिसत न्हाय. आत सुरू हुतो, तांदळाच्या दाण्याएवढा. वरनं रोज गाडी जाती, रूळ आरशागत चमकतोय. बघनाऱ्याला वाटतंय, झ्याक हाय! आन थंडीत एका पहाटे कडाककन!" पावणं मिळेल ती बस पकडतात.

पण खरा वैताग वेगळाच. मामा विचारतात, "कसं हाय?" आपण म्हणतो, "बरं आहे." ते चार पावलं जातात आणि परत येतात. "खरं सांग की!" मागं आमच्या हिनं वैतागून गुडघ्याचं दुखणं सांगून टाकलं, तर मामा रिक्षा घेऊनच दारात हजर.

परवा त्यांच्या कट्ट्यावर बसलो असताना मी विचारलंच, "मामा, सगळ्यांना दोनदा का विचारता?"

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी मामी गेल्या, एवढंच मला माहीत होतं.

"तुझी मामी म्हनायची, काय न्हाय, जरा दमल्यागत हुतंय," मामा म्हणाले. "मी व्हय म्हनून ड्युटीवर जायाचो. तीस वर्सं रूळ तपासला. तिला दुसऱ्यांदा इचारलं न्हाय."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आणि तुम्ही कसे आहात?"

"झ्याक हाय की!"

मी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो.

"मामा, खरं सांगा की."

मामांनी हातातली हातोडी कट्ट्यावर ठेवली.

"सांजच्याला लई अवघड जातंय बग," ते म्हणाले. "बस वाईच."