ऑरिनचा पोल्का आणि बंद खोली

"अशी फाईल सापडत नाही," असं संगणकावरच्या प्लेअरने चौथ्यांदा दाखवलं, तेव्हा मार्डेल ट्वाइटेनची खात्रीच पटली. हे काम व्हर्नाचं.

शनिवार सकाळचे नऊ वाजले होते. बाराला चर्चच्या तळघरात चर्चच्या शंभरीचं जेवण होतं, आणि कॉफीच्या वेळी साऱ्या गावाला नवऱ्याचा, ऑरिनचा ॲकॉर्डियन ऐकवायचं मार्डेलने कबूल केलं होतं. ऑरिनला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या बँडची, पोल्का या नाचाच्या सुरावटीची, ती एकच टेप. ऑरिन ती नेहमी थोडी पुढे सरकवून लावायचा; सुरुवातीला नुसती खरखर आहे म्हणायचा. तो गेल्यावर मार्डेलने ती कपाटात कुलपात ठेवली आणि किल्ली गळ्यात घातली. लायब्ररीने ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली आणि त्याच दिवशी टेप तुटली. आता जे काही होतं, ते त्या बोटभर पेनड्राइव्हमध्ये. फायलींच्या यादीत नाव दिसत होतं, पण प्लेअर ऐकायला तयार नव्हता.

मंगळवारी व्हर्ना, ऑरिनची बहीण, रुबार्बच्या वड्या घेऊन आली होती. कॉफी आणायला मार्डेल आत गेली ती चार मिनिटं. व्हर्नाला चार मिनिटं पुष्कळ झाली. पूर्वी ओढ्यापलीकडच्या आठ घरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती; कुणीही फोन उचलून दुसऱ्याचं बोलणं ऐकावं. लग्नाआधी मार्डेल ऑरिनशी बोलू लागली की तिसऱ्या वाक्याला बारीक 'टक' व्हायचं, आणि मागे व्हर्नाच्या सासरच्या घड्याळाचे टोले ऐकू यायचे. तेव्हापासून मार्डेल कुणावर भरवसा ठेवत नसे. संगणकाच्या कॅमेऱ्यावरही तिने जखमेला लावायची पट्टी चिकटवली होती.

तिने फोन उचलला. "मंगळवारी माझ्या संगणकापाशी काय करत होतीस?"

"वड्या खात होते. तुझी कॉफी होईना."

"नाव तेवढं ठेवलंस आणि आतलं गाणं काढून नेलंस!"

"अगं, गाणं म्हणजे काय पाकिटातलं पत्र आहे? आणि नेलं असतं तरी माझंच होतं. ऑरिन ती टेप मला देणार होता."

"तीस वर्षं हेच ऐकतेय. पुरावा दाखव!"

"थांब, येतेच. तोंडावर बोल काय ते."

मार्डेलने लाइल स्कोगडालेनलाही बोलावलं. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला लाइल दर गुरुवारी लायब्ररीत म्हाताऱ्यांना संगणक शिकवायचा. "संगणकाने काहीही विचारलं की 'नाही' म्हणा," हा त्याचा पहिला धडा. मार्डेलने तो वहीत दोनदा अधोरेखित केला होता.

लाइलने टोपी काढून पाच मिनिटं पडद्याकडे पाहिलं. "मार्डेलबाई, गाणं जागेवर आहे. प्लेअर बंद खोलीत आहे. त्या खोलीला एकच खिडकी, तुमच्या संगीताच्या कप्प्यात उघडणारी. त्याला पेनड्राइव्ह दिसतच नाही."

"खोलीत कुणी कोंडलं त्याला?"

लाइल खाकरला. "मी. मार्चमध्ये. तुम्हीच म्हणालात, गाणी वाजवणाऱ्याला माझ्या घरात काय बघायचंय?"

"बरोबरच म्हणाले."

"मग आता सगळी दारं उघडून टाकू? पुन्हा कटकट नको."

मार्डेलचे डोळे बारीक झाले. "सगळी कशाला? टेलिफोनच्या खांबावर चढून तू कमी ऐकलंस का लोकांचं?"

"ऐकत मी होते," दारातून व्हर्ना म्हणाली. "त्या बिचाऱ्याला वेळ कुठे होता!"

"कबूल केलंस!"

"पन्नास वर्षांपूर्वीचं केलं. मंगळवारचं नाही."

अखेर लाइलने एकाच दारापुरतं ठरवलं. पडद्यावर प्रश्न आला: या ड्राइव्हमधलं वाचू द्यायचं का? नाही, एकदाच, की नेहमी? मार्डेलचं बोट सवयीने 'नाही'वर गेलं. लाइलने प्रश्न पुन्हा आणला. पुन्हा 'नाही'. तिसऱ्या वेळी व्हर्नाने तिचं मनगट धरलं, तेव्हा कुठे 'एकदाच'वर बोट पडलं.

"एकदाच म्हणालात, तर आता इथे वाजवून बघू नका," लाइल घाम पुसत म्हणाला. "प्लेअर बंद केलात की परवानगी संपली. असाच उघडा घेऊन चला."

मार्डेल संगणक उघडाच मांडीवर धरून गाडीत बसली. तळघरात हॉटडिश संपलं, जेली संपली, कॉफी आली. तिने बटण दाबलं. खरखर झाली. आणि मग ऑरिनचा आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा:

"चालू झालं का, व्हर्ना? ही टेप तुझ्याकडेच ठेव हं. मार्डेलकडे दिली तर ती कुलपात घालील, किल्ली हरवील आणि संशय माझ्यावर घेईल."

तळघरातले सगळे एकदम हसले, आणि त्या हसण्यावरच पोल्का सुरू झाला. मार्डेलचे कान लाल झाले. तिचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. व्हर्ना आपली कॉफीतली साखर ढवळत राहिली, आणि तेच जास्त झोंबलं.

गाणं संपल्यावर व्हर्ना जवळ आली. "मला एक प्रत करून घेऊ देशील?"

मार्डेलने किल्ली सोडून तिच्याकडे पाहिलं. "एकदाच, की नेहमी?"

"नेहमी," व्हर्ना हळूच म्हणाली.

मार्डेलने पेनड्राइव्ह काढून तिच्या तळहातावर ठेवला. "घे. तुझ्याकडेच राहू दे. दर मंगळवारी मी ऐकायला येईन."

"एवढ्या थंडीत कशाला येतेस? फोनवरून ऐकवत जाईन."

"नको गं. मध्ये कोण ऐकत असेल, काय सांगावं!"

"आता कोण ऐकणार?" व्हर्ना म्हणाली. "ऐकणारी मीच तर होते."