भुजंगदादांच्या टेपवरचा खोकला

ताडकळसात गाणारे पुष्कळ होते, वाजवणारेही होते, पण नुसत्या खोकल्यावर नाव कमावलेला माणूस एकच. लिंबाजी! तो स्वतःच छाती काढून सांगायचा, "गानं कुनीबी म्हनंल. माह्यासारखं खोकून दाखवा!"

त्याचं असं झालं, की शाहीर भुजंगदादा वारले तेव्हा त्यांच्यामागे ना एखादी तबकडी राहिली ना पुस्तक. गाणी स्वतः रचायची, स्वतः गायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची, असा त्यांचा खाक्या. राहिल्या त्या माणिकरावने भर सभांतून भरलेल्या टेपा. माणिकराव ग्रामसेवक. हैदराबादहून आणलेला टेपरेकॉर्डर तो तान्ह्या लेकरासारखा काखेत घेऊन हिंडायचा. त्या टेपांत काय नव्हतं! कुणाचं पोर रडतंय, कुत्री भांडताहेत, दादा मधेच कुणावर तरी डाफरताहेत, "आरं माईक नीट धर की, वांगं हाय का ते?" लोकांना गाणी त्या सगळ्यासकट आवडायची. रेडिओवरचं गाणं म्हणजे इस्त्रीचे कपडे. दादांची टेप लागली की आपण पुन्हा त्या सतरंजीवर, त्या गर्दीत जाऊन बसलो असं वाटायचं. भलेभले गडी उपरण्यानं डोळे पुसायचे.

आणि वेशीबाहेरच्या विहिरीवरच्या 'येशीभायरची हीर' या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या ऐन चढावर, तो खोकला! आधी खो, खो, मग एक लांब खर्रर्र आणि शेवटी बारीकसं 'हुं'. दादा थांबतात. "कोन रं बाबा? आदी पानी पी. गानं कुठं पळून चाललंय का? द्या रं, माह्या तांब्यातलं द्या त्याला!" सभा हसते, आणि मग दादा असा आवाज लावतात की अंगावर काटा येतो. टेप वाजली की म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे गाण्याच्या जागी गायचे आणि खोकल्याच्या जागी खोकायचे.

तो मूळ खोकला आपला, असं लिंबाजीचं म्हणणं. ती सभा ताडकळसातलीच आणि तो तिला होता हे खरं. थंडीनं खोकत होता हेही खरं. दादांच्या तांब्यातलं पाणी प्यालो, हे मात्र त्यानं पुढं हळूहळू वाढवलं. सुरुवातीला घोटभर प्याला होता, नंतर अर्धा तांब्या झाला. शेवटी शेवटी तर त्याला त्या पाण्याची चवसुद्धा आठवायला लागली!

याच खोकल्यावर लेकीची सोयरीक जमली. बोरीचे रंगनाथ गुरुजी दादांच्या टेपांचे वेडे. मुलासाठी लक्ष्मीला बघायला म्हणून आले आणि लिंबाजीलाच प्रश्न विचारत बसले.

"पानी गार होतं का हो?"

"लय गार, गुरुजी. माठाचं आसंल."

"आन् तांब्या? दादांनी सोताच्या हातानं देला?"

"मंग! हातानं देला आन् म्हनले, पी बाबा."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "पोरगी पसंत हाय!"

दारातून लिंबाजीची बायको मालनबाई म्हणाली, "आवं, पण पोरगी बघितली कुनी? ती आत्ता कुठं चहा घिऊन यायलीय!"

ठरलं असं, की दादांच्या स्मृतिदिनाला बोरीत विहारापुढं मांडव घालायचा, टेप लावायची, लिंबाजीचा सत्कार करायचा आणि त्यातच साखरपुडा उरकायचा. मुलगा शिकलेला, नोकरीवाला. असं स्थळ लिंबाजीच्या दारात आपल्या पायानं आलं होतं. तेव्हापासून गड्याला चैन पडेना. एका जागी बसवेना, जेवण गोड लागेना. पाण्याचं कुणी विचारलं तर काय सांगायचं? खोकूनच दाखवा म्हणाले तर? तो अंगणात येरझारा घालत सराव करायला लागला. खो, खो, खर्रर्र, हुं!

मालनबाई घाबरली. "येहीनबाई म्हनतील पोरीच्या बापाला टीबी हाय!" तिनं अडुळशाचा काढा उकळला आणि सकाळ-संध्याकाळ समोर बसून पाजला. बाईच्या हाताला गुण फार. लिंबाजीचा गळा नव्या घागरीसारखा स्वच्छ झाला.

स्मृतिदिनाला बोरीचा मांडव गच्च भरला. भुजंगदादांचे ढोलकीवाले सितारामबाबाही पाहुणे म्हणून यायचे होते, पण त्यांच्या एसटीचा पत्ता नव्हता. माणिकरावने टेप लावली. खोकला आला आणि गुरुजींनी अभिमानानं लिंबाजीकडे बोट केलं. "हेच ते गृहस्थ!" टाळ्या कडाडल्या. लिंबाजी हार घालून घ्यायला वाकला.

तेवढ्यात मागून आवाज आला. "थांबा! झूट हाय ते सगळं!"

खांद्यावर घोंगडी, डोईला लाल पटका. चारठाण्याकडचा येडबा, मेंढरंवाला. "त्या साली माही मेंढरं ताडकळसातच बसली होती. खोकला माहा हाय!"

"तुहा कामून?" लिंबाजी उसळला. "मी सगळ्यात फुडं बसलो होतो!"

"फुडं बसल्यानं खोकला येतो व्हय? दादा आमच्या मेंढरांच्या वाड्यावर दूध पिऊन जायचे. मला ते खोकल्यावरून वळखायचे!"

"मेंढरं खोकली आसतील तुही!"

"आन् खोकली तर? तुह्यापरीस बरं खोकत्यात!"

मांडवात दोन तट पडले. ताडकळस एकीकडे, चारठाणा दुसरीकडे, आणि बोरीकर ज्याच्या शेजारी बसले होते त्याच्या बाजूनं! शेवटी गुरुजी उभे राहिले. त्यांच्या हातात साखरेचा पुडा होता आणि तो त्यांनी मागं घेतलेला लिंबाजीला स्पष्ट दिसला. "तकरार नको. दोघंबी खोका. टेपसंगं मिळवून बघू. फैसला सभा करंल."

येडबा खोकला. चांगला दणदणीत खोकला, पण शेवटचं 'हुं' काही निघालं नाही. "हुं कुठं हाय? हुं न्हाई!" ताडकळसकर ओरडले. मग लिंबाजी उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं, छाती फुगवली, मान ताणली. नुसती हवा बाहेर आली! पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. अडुळशानं दगा दिला होता.

"आवाज तर लय मोकळा हाय की पाव्हण्याचा," येडबा म्हणाला.

"जरा थांबा, आलोच!" म्हणत लिंबाजी मांडवामागं धावला. तिथं जेवणाच्या चुली पेटलेल्या होत्या. लाल मिरच्यांचं टोपलं दिसलं. त्यानं दोन्ही मुठी भरल्या आणि थेट इंगळावर टाकल्या!

"आवं काय करायलाव!" मालनबाई किंचाळली, पण उशीर झाला होता. वाराही नेमका मांडवाकडेच वाहत होता. पहिल्यांदा गुरुजी खोकले. मग नवरदेव खोकला, वऱ्हाडी खोकले, येडबा घोंगडी तोंडात कोंबून खोकला. माणिकराव टेपरेकॉर्डर पोटाशी धरून खोकत होता. खो-खो, खर्रर्र, हुं! ज्याचा ऐकावा त्याचा खोकला टेपसारखाच वाटायला लागला. परीक्षेत सगळेच पहिले! धूर सोडणारा लिंबाजी तेवढा कोरडा उभा होता.

त्या धुरातच एसटीतून उतरलेले सितारामबाबा काठी टेकत मांडवात शिरले. त्यांना उबळ आली. खो, खो... लांब खर्रर्र... आणि बारीकसं 'हुं'.

 ज्यांच्या नरड्याला आग लागली होती त्यांनीही खोकला गिळला. तोच होता तो! यात कुणाला पुरावा नको होता.

"बाबा," गुरुजी हळूच म्हणाले, "टेपवरचा खोकला तुमचा?"

"हर गावात माहाच की जी." बाबा खाली बसले. "त्या कडव्याला दादांचा दम तुटायचा. छाती पोकळ झालती. कडवं गाळा म्हनलं की आंगावर यायचे. मंग मी खोकायचो. त्याला पानी द्या म्हनायचे आन् तांब्या सोताच रिकामा करायचे. दम आला की पुन्यांदा गायचे." त्यांनी डोळे पुसले. "दर गावात एक तरी मानूस भेटतो, म्हनतो तो खोकला माहा होता. मी व्हय म्हनतो. दादांवर जीव हाय म्हनूनच सांगत्यात की."

 येडबानं पटका काढून मांडीवर ठेवला. लिंबाजीच्याही ध्यानात आलं. इतकी वर्षं आपण त्या खोकल्यावर मिरवलो, आणि दादांचा दम तुटतोय हे एकदाही ऐकू आलं नाही! त्याला खरोखर लाज वाटली.

मग गुरुजी त्याच्याकडे वळले. "आन् तुमी प्यालेलं पानी हो?"

"दुसऱ्या कुनाचं आसंल, गुरुजी," लिंबाजी पुटपुटला. "तहान लय लागली होती."

गुरुजींनी हातातल्या पुड्याकडे पाहिलं. लिंबाजीकडे पाहिलं. मग बराच वेळ सितारामबाबांकडे पाहिलं.  पोरीचं स्थळ डोळ्यांदेखत उठून चाललं होतं.

"बाबा," गुरुजींनी खाकरून विचारलं, "तुमच्या घरी लग्नाची पोरगी हाय का?"

मालनबाईनं पदर तोंडाला लावला. अख्खा मांडव बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"न्हाई जी. सगळी पोरंच."

गुरुजींनी लांब सुस्कारा सोडला आणि साखरेचा पुडा लिंबाजीपुढं धरला.

"घ्या मंग तुमीच."