त्रेचाळीस फिल्टर आणि सहाव्या मजल्यावरची आत्या

मुख्य कार्यालयातल्या संगणक विभागाचे जे कोणी प्रमुख असतील, त्यांच्यावर माझा उघड आरोप आहे. तुम्ही परिपत्रकात खोटं लिहिलंत! 'जतन केलेले सर्व फिल्टर नव्या मेटाडेटा स्वरूपात जसेच्या तसे येतील.' हे तुमचं वाक्य. कागद माझ्यापाशी आहे, आणि खाली सहीसुद्धा आहे, फक्त ती वाचता येत नाही.

वाचकहो, मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारी नोंदवतो. संगणक मला कुणी शिकवला नाही; मीच त्याच्याशी भांडून शिकलो. आमच्याकडे डॅशबोर्ड नावाचा एक पडदा आहे, त्यावर हजारो लिफ्टची कुंडली दिसते. प्रत्येक मेकॅनिकला त्यातली आपलीच कामं दिसावीत म्हणून चाळण्या लावायच्या, त्या म्हणजे फिल्टर. शाखेतले सगळे त्रेचाळीस फिल्टर मी बनवलेले! आणि माझी पद्धत ठरलेली: काय हवंय ते मागत बसायचं नाही, काय नकोय ते काढून टाकायचं. कारण अर्धवट कामाला नावं पाच असतात: बाकी, भाग मागवला, गिऱ्हाईक घरी नाही, वगैरे. 'दुरुस्त' तेवढं वगळलं की उरलेलं सगळं समोर येतं. साधं, सुटसुटीत.

सोमवारी संध्याकाळी आमच्या शाखेच्या साहेबांना म्हणालो, "चहा निवायच्या आत सगळे फिल्टर नव्या स्वरूपात नेतो."

"नीट होईल ना?"

"साहेब, हा माझ्या डाव्या हातचा मळ!"

बटण दाबलं. आधी त्रेचाळीस होते, नंतर त्रेचाळीस. दोनदा मोजले. मग परिपत्रकात सांगितल्याप्रमाणे जुने पुसून टाकले. चहा खरंच गरम होता.

आता ऐका, विभागप्रमुख. तुमच्या त्या मेटाडेटा स्वरूपात, म्हणजे फिल्टरची माहिती साठवायच्या नव्या पद्धतीत, प्रत्येक फिल्टरसाठी दोनच कप्पे: रकाना कुठला आणि शब्द कुठला. 'वगळा' ही खूण ठेवायला तिसरा कप्पाच नाही! तेव्हा 'दुरुस्त वगळून' यातलं 'वगळून' वाटेत गळालं आणि मागे नुसतं 'दुरुस्त' राहिलं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फिल्टर शीर्षासनात उभे!

मंगळवारी सकाळी नऊला आमच्या मुख्य मेकॅनिकचा फोन. त्याला सगळे पाना म्हणतात. "रोज सात कामं असतात. आज अकराशे चाळीस आहेत. कुणाचा राग काढताय?"

"काहीतरी गडबड असेल. तू ऑफिसात ये."

"येतो कसला! पोरं निघालीसुद्धा."

पोरं म्हणजे मेकॅनिक, सगळे चाळिशीचे. ते यादीतल्या, म्हणजे ठणठणीत लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते. आणि मेकॅनिकने चांगली लिफ्ट उघडली की ती चांगली राहत नाही. पेशंट तपासायला आलाच आहे तर डॉक्टर काहीतरी काढतोच. दहा वाजेपर्यंत चार उत्तम लिफ्ट बिघडल्या होत्या. एका सोसायटीच्या अध्यक्षांनी फोनवर मला जे म्हटलं ते छापता येणार नाही, पण त्यात माझे वडील होते.

मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"फिल्टर दिसतायत का?" तिकडून.

"दिसतायत, पण उलटे!"

"दिसतायत ना? मग तक्रार सोडवली म्हणून टाकतो."

"अहो, निदान नवा फिल्टर बनवू द्या!"

"त्याला परवानगी लागते. कामाचे पंधरा दिवस."

नेमका तेव्हा आत्याचा फोन आला. वडिलांची थोरली बहीण, सहाव्या मजल्यावर एकटी राहते, आणि गुडघे असे की उंबरा ओलांडतानासुद्धा देवाचं नाव घेते. तीन महिने वाट पाहून डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती आजची, साडेअकराची. चुकली तर पुढची आणखी दोन महिन्यांनी, आणि तोवर डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणतात; तिला तर तेही जमणार नाही.

"अरे गाढवा, लिफ्ट बंद आहे! आठ वाजता तक्रार केलीय. कुणी आलं नाही!"

कसं येणार? तिची तक्रार 'बाकी' होती. बाकी असलेलं काहीही आता कुणालाच दिसत नव्हतं. मी पानाला गळ घातली.

"माझी आत्या आहे रे!"

"तुमची असो नाहीतर माझी, यादीत नाही ते काम नाही. यादीतला नंबर नसेल तर भांडारातून स्क्रूसुद्धा मिळत नाही. तुम्हीच केलेला नियम."

खरं होतं. मीच केला होता. आमच्या शाखेत मी शिस्त आणली, असं लोक म्हणत.

साडेदहा वाजले. मी डोकं धरून पडद्याकडे बघत बसलो. मग मनाचा हिय्या केला आणि आत्याच्या न चालणाऱ्या लिफ्टपुढे लिहिलं: दुरुस्त.

तक्रार टुणकन पानाच्या यादीत पहिल्या नंबरावर! "आलं बघा काम," पाना म्हणाला आणि निघाला.

इकडे आत्याला कंपनीचा संदेश गेला: 'आपली लिफ्ट दुरुस्त झाली आहे. धन्यवाद.' तिने बाहेर येऊन बटण दाबलं. मग मला फोन केला. "तुझी कंपनी तुझ्यासारखीच आहे," एवढंच म्हणाली.

पण पाना पोचला. दाराचा स्विच वाकला होता, बारा मिनिटांत सरळ केला. आत्या खाली आली, मी रिक्षा घेऊन उभाच होतो. साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना ती आत गेली, आणि डोळ्यावर पट्टी बांधून झकास बाहेर आली.

तोवर शाखेने माझी युक्ती उचलली होती. बिघडलेली लिफ्ट आली रे आली की 'दुरुस्त' लिहायचं, मग ती दुरुस्त करायची, आणि काम झालं की यादीतून जावी म्हणून 'बाकी' लिहायचं. दुपारी तीनला मुख्य कार्यालयातून तुमचं अभिनंदनाचं पत्र आलं: 'आपल्या शाखेत तक्रार आल्यापासून सरासरी चाळीस सेकंदांत दुरुस्ती. इतर शाखांनी आदर्श घ्यावा.' मी साहेबांना म्हणालो, "आता कळवूया खरं काय ते."

साहेबांनी पत्र भिंतीला चिकटवलं. "काही बिघडलंय का? मग गप्प बसा."

म्हणून मी चव्हाट्यावर लिहितोय.

चार वाजता आत्याला घेऊन तिच्या इमारतीपाशी आलो. लिफ्ट चालू, दिवा लागलेला, दार उघडं. इतक्यात तिचा फोन वाजला. पानाने दिवसाची कामं उरकून आत्ता कुठे, नव्या नियमाप्रमाणे, तिच्या लिफ्टपुढे 'बाकी' लिहिलं होतं. तिने पट्टी नसलेल्या डोळ्याजवळ फोन धरला आणि मोठ्याने वाचलं: 'आपल्या लिफ्टमध्ये गंभीर बिघाड आहे. वापर टाळावा.'

मी एकटा लिफ्टने सहाव्या मजल्यापर्यंत जाऊन खाली आलो. "आत्या, चल, चालू आहे ती! मी स्वतः वर जाऊन आलो."

"चांगली म्हणालात तेव्हा ती गत, तर गंभीर म्हणताय तेव्हा काय असेल!" असं म्हणून ती राखणदाराच्या खुर्चीत बसली. राखणदार उभा आहे. मी पायरीवर बसून हे लिहितोय. डॉक्टरांनी तिला आडवं व्हायला सांगितलंय, आणि ती म्हणते, ज्यांनी संदेश पाठवला त्यांनीच लेखी सांगितल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही.

मी पाठवलेला संदेश चालणार नाही. माझ्यावर तिचा विश्वास नाही, आणि आजचा दिवस बघता मी वादही घालू शकत नाही. तेव्हा मुख्य कार्यालयातले साहेब, ज्यांची सही वाचता येत नाही त्यांनी, कामाच्या पंधरा दिवसांत नव्हे, आत्ता, एका ओळीत कळवा: लिफ्ट चालू आहे की नाही?